आठव्या आकड्याची जागा

शेवटचा तीन कोरताना टवका उडाला, तो थेट कोपरा घेऊनच.

पाथरवट छिन्नी हातात धरून बसून राहिला. तीन आठवडे घासलेला काळा दगड. त्यावर एका ओळीत ७३९३९१३, आणि आठव्या आकड्याच्या जागी खळगा. गणिताच्या बाई आज शेवटचा तास घेऊन निवृत्त होणार होत्या. जाण्याआधी हा दगड शाळेच्या भिंतीत बसलेला पाहायचा, एवढंच त्यांनी मागितलं होतं. गवंडी चार वाजता येणार होता.

"कोपरा सरळ कापून टाका," बायको म्हणाली. "फोन नंबर थोडाच आहे, एक आकडा कमी पडला म्हणून लागायचा नाही!"

"आणि बाईंनी मोजले तर?"

"आज कसल्या मोजतायत!"

"अगं, त्यांच्या हाताखाली दोनदा नापास झालोय मी. तिसऱ्यांदा नको."

दोनच्या सुमारास बाई स्वतःच आल्या. त्याने दगडावरचं पोतं बाजूला केलं.

"बाई, माझ्या हातून मोडला."

बाईंनी चष्मा लावला.

"कुठला गेला?"

"शेवटचा. तीन."

बाई तिथल्याच एका चिऱ्यावर टेकल्या आणि खुदकन हसल्या. "पहिला गेला असता तर रडले असते रे. ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः, बाकी कशानेच भाग जात नाही. शेवटचा तीन गेला, तरी उरली तीही मूळच. आता अलीकडच्या तीनवर हात ठेव."

त्याने ठेवला.

"उरलेली पुन्हा मूळ. सरकव हात."

एक झाकला, नऊ झाकला, तीन झाकला. दर वेळी बाई मान डोलवत होत्या. शेवटी तळव्याच्या डावीकडे एकटा सात राहिला.

"ह्याला कशाने भाग जातो?"

त्याने बोटांवर दोन, तीन, चारने भागून पाहिलं.

"कशानेच नाही, बाई."

"बरोबर."

हा शब्द बाईंच्या तोंडून त्याने आजवर दुसऱ्यांसाठीच ऐकला होता. बायकोने पदराआड हसू दाबलं.

"नवा दगड करू का?" त्याने विचारलं.

"नको. ह्या खळग्यात दहा आकड्यांतला एकच चालतो. दुसरा कुठलाही घातला की भाग गेलाच. शोधू देत की मुलांना! मी नसले तरी तास चालू राहील."

बाई शाळेकडे वळल्या. गवंड्याला अजून दीड तास होता. पाथरवटाने दगडावर पाणी टाकलं आणि खळग्याच्या कडा घासायला घेतल्या. थोडं घासायचा, आत बोट फिरवून बघायचा, पुन्हा घासायचा. शोधणाऱ्या बोटांना कुठेही टोचता कामा नये.