मास्तरांचा आवाज

जपानी कार्टूनमधल्या रडतराऊत मास्तरांना मराठी आवाज मुकुंदरावांचा होता. मास्तर फळ्याला डोकं टेकून "संपलं सगळं!" म्हणाले, की घरोघरची पोरं खदाखदा हसायची. स्टुडिओत जाण्याआधी मुकुंदराव ते वाक्य बायकोला म्हणून दाखवत. हसता हसता तिला उचकी लागली, की तो सूर पक्का व्हायचा.

आज ते आयसीयूचं दार ढकलून बाहेर आले. बाकावरून लेक नातीला घेऊन उठली.

"बाबा, आई कशी आहे?"

"संपलं सगळं."

नातीने टाळ्या पिटल्या. "आजोबा, मास्तर! परत म्हणा ना!" ती एवढी हसली, की तिला उचकी लागली.

लेकीने रडतच तिचं तोंड दाबलं. मुकुंदरावांनी तो हात हळूच बाजूला केला.

"राहू दे गं. आईची उचकी आहे ती."