मानेवरचे टाके

कपाटाचा खण ओढताच भुकटी उडाली. हाडं साफ करायला संग्रहालयात किडे पाळतात. त्यातले मूठभर तिनेच गुपचूप या खणात सोडले होते. त्यांनी काम चोख केलं होतं. बाबांच्या पेंढा भरलेल्या पक्ष्याची पिसं सुटली होती, कातडीची चाळण झाली होती.

“गेला की हो!” भट्टीवाले मामा हळहळले. “साहेबांचा जीव होता याच्यावर. आणि नेमकी आजच पाहुणी यायची!”

“कीड लागलेला नमुना जाळायचा, मामा. नियम बाबांनीच केलाय.”

“चोच तरी ठेवू आठवण म्हणून?”

“काही नको.”

तिचा आवाज कापला. मामांना वाटलं, दुःखाने.

ही जात जगाला पहिल्यांदा बाबांनी दाखवली. पाठ्यपुस्तकात त्यांचं नाव होतं. जाण्याआधी मात्र ते म्हणाले होते, “तो पक्षी कुणाला दाखवू नकोस. त्याची मान...” पुढचं खोकल्यात बुडालं. नंतर तिने पिसं बाजूला करून पाहिलं. मानेभोवती वेडेवाकडे टाके होते, एकाच्या धडावर दुसऱ्याचं डोकं बसवावं तसे.

आणि आता जगभरच्या संग्रहालयांची एक सामाईक संस्था उभी राहत होती. तिचं पहिलंच काम म्हणजे देशोदेशीचे नमुने शेजारी ठेवून ताडून पाहणं. या जातीचे नमुने जगात दोनच. एक इथे, दुसरा पाहुणीच्या संग्रहालयात. हे कळल्यापासून तिला घास गिळवत नव्हता. मेलेल्या माणसाला साधं ‘चुकलो’ही म्हणता येत नाही.

भट्टीचा धूर वर चढला, तेव्हा कुठे तिने मोकळा श्वास घेतला.

पाहुणी म्हणजे बाबांची तरुणपणची सहकारी. लहानपणापासून ती या पाहुणीला मावशी म्हणायची.

“किती वाळलीस गं! बापावर गेलीस. त्यालाही जेवणाची आठवण करून द्यावी लागायची.”

“मावशी, एक वाईट बातमी...”

“आधी माझी ऐक.” मावशीने दार लोटून घेतलं. “आमचा पक्षी खोटा निघाला. आमच्या लोकांनी मागाहून विकत घेतलेला. पिसं रंगवून चिकटवलीत. संस्थेत कुजबुज सुरू झालीय, की अशी जातच नव्हती, तुझ्या बापाने थाप मारली.”

ती एक पाऊल मागे सरकली.

“घाबरतेस काय वेडे? तो पक्षी पडला तेव्हा मी शेजारी होते. छऱ्याने मान पार फाटली होती. मी डोकं धरलं आणि तुझ्या बापाने शिवली. टाके कसले, गोणपाट शिवल्यासारखे! जन्मभर लाज वाटायची त्याला. कुणी मान बघायला लागलं की खण बंद.” मावशी डोळे पुसत हसली. “आता जगात खरा तेवढा एकच. आण बघू.”