बेटावरची आई

"प्राणी दिसला की झाड गोळी! काका, हे साहस आहे की कत्तल?" कॉलेजातल्या मुलीने विचारलं आणि वाचनमंडळात हशा पिकला.

मी मांडीवरचं पुस्तक घट्ट धरलं. बैठक नेहमीसारखी आमच्याच घरी होती, पण पुस्तक पहिल्यांदाच मी निवडलेलं. जहाज फुटून निर्जन बेटावर अडकलेल्या कुटुंबाची ही गोष्ट शाळेपासून माझी लाडकी. सकाळपासून मात्र वाटत होतं, दुसरं काहीतरी निवडायला हवं होतं.

"बाप भाषणं फार देतो," बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ म्हणाले. "पण ते तराफा बांधतात ना, तिथे मी पुन्हा लहान झालो बुवा!"

मला जरा धीर आला. मुलगी थांबेना. "आणि अख्ख्या पुस्तकात आईला नावच नाही. असं का?"

"बेटावर आई एकच," मी चाचरत म्हणालो. "नाव लागतं कशाला?"

तेवढ्यात माझी पत्नी चहा घेऊन आली. मुलगी तिच्याकडे वळली. "काकू, इतक्या वेळा तुमच्या हातचा चहा प्यायलो. तुमचं नाव काय हो?"

सवयीने तिने माझ्याकडे पाहिलं. मी सांगायला तोंड उघडलं, पण आधी तीच बोलली.

"मथुरा."

"किती छान नाव!" मुलगी म्हणाली.

लग्नात अंगठीने तांदळात मी तिचं वेगळंच नाव लिहिलं होतं. त्यानंतर हे जुनं नाव आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. तिनेसुद्धा नाही.