अळणी पान

कॅरिबियन समुद्रातल्या त्या चिमुकल्या बेटावर पितरांना अळणी पान वाढतात. मिठाच्या अन्नाला मेलेले शिवत नाहीत. दर गुरुवारी हॉटेलच्या बागेत, पाहुण्यांना बघायला म्हणून, इथलिन मावशी तसं पान वाढायची. भाताचे मुटके, मक्याचा गोळा, मासा. टेबल मांडलेलं असायचं, पण ती हट्टाने नीरफणसाच्या झाडाखालच्या चपट्या दगडावरच वाढायची. गावातल्या बायका तोंडावर म्हणायच्या, "पितरांचं पान विकायला काढलंस, लाज नाही वाटत?" मावशी पुढच्या गुरुवारी पुन्हा वाढायला जायची.

त्या गुरुवारी एका पाहुण्याने पानातला घास उचलून तोंडात टाकला आणि थू करून थुंकला. राजधानीहून आलेला मॅनेजर रँडल धावत आला.

"मावशी, पुढच्या वेळी मीठ घाला. नुसतं दाखवायचं तर आहे! खरंच कोण येतंय जेवायला?"

मावशीने हातातला डाव दाणकन आपटला. "मीठ पडलं ना यात, तर तुझ्या डोक्यात घालीन हा डाव!"

"एवढंच असेल तर आपल्या घरी वाढा की. इथे कशाला येता?"

"घरी कुणाला वाढू? कुंपण घातलंत तेव्हा माझ्या नवऱ्याची कबर आत गेली. हा दगड तिचाच आहे, मेल्या! बायको म्हणून आले की तुझा पहारेकरी हाकलतो. तमाशा दाखवायला आले की फाटक उघडतो."