बेदाण्यांची बरणी

ताईने चिंचिला हा खारीसारखा गुबगुबीत प्राणी पाळल्यापासून आमच्या फ्रिजवर एक यादी लागली आहे: सुकं गवत चालेल; गोड, तळलेलं आणि सुका मेवा अजिबात नाही, नाहीतर पोट फुगून त्याच्या जिवावर बेतेल.

तरी आठवड्याभरात बेदाण्यांची बरणी अर्धी झाली. आजीने खडसावून विचारलं तेव्हा आजोबा म्हणाले, "मीच देतो रोज मूठभर, त्या मुक्या जिवाला. नुसतं गवत किती दिवस खाईल बिचारा?"

"आजोबा, मरेल ना तो!" असं म्हणत ताईने भोकाड पसरलं आणि आम्ही सगळे पिंजऱ्यासकट प्राण्यांच्या डॉक्टरांकडे धावलो.

डॉक्टरांनी चिंचिलाला टेबलावर घेतलं, पोट दाबलं, दात पाहिले, लेंड्यासुद्धा चष्मा लावून तपासल्या.

"ठणठणीत आहे हो. एवढे बेदाणे खाल्ले असते तर एव्हाना फुगा झाला असता याचा. याने एकही खाल्लेला नाही."

ताई आनंदाने रडायला लागली. आजोबा छताचा पंखा निरखू लागले.



आजी म्हणाली, "डॉक्टर, आता याला खाली उतरवा आणि आमच्या या शुगरच्या पेशंटला टेबलावर घ्या."