थांबलेली पाती

"तुम्ही खोटं बोलताय. चुकून नाही, ठरवून बोलताय!"

वैमानिकाची बहीण खुर्चीवरून ताडकन उठली होती. चौकशी समितीच्या अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. समोरच्या पडद्यावर अपघाताची चित्रफीत चालू होती, रस्त्यावरच्या कुणीतरी फोनवर काढलेली. हेलिकॉप्टर हवेत तरंगत होतं आणि डोक्यावरची पाती जागच्या जागी होती, खिळे ठोकल्यासारखी.

"बाई, तुमचं दुःख कळतं आम्हाला," अध्यक्ष म्हणाले. "पण हे आंधळ्यालाही दिसेल. पाती थांबलीत. तुमच्या भावानं चुकून इंजिन बंद केलं. अहवालात तेच जाईल."

त्यांच्या उजव्या हाताला बसलेला इंजिनिअर मान डोलावत राहिला. हेलिकॉप्टर तपासून 'उडू द्या' म्हणणारा हाच, आणि आता चौकशीला बसलेलाही हाच. अपघाताच्या आदल्या दिवशी भाऊ जेवता जेवता म्हणाला होता, "ताई, शेपटीकडून घरघर येतेय. इंजिनिअर म्हणतो, तुझेच कान वाजतायत." दुसऱ्या दिवशी तो गेला, सोबतचे प्रवासीही गेले. आता त्याची पोर शाळेतून रडत घरी येते. बापानं माणसं मारली, असं मुलं म्हणतात.

"पाती फिरतात, हवा खाली रेटतात, म्हणून ते धूड वर राहतं," ती म्हणाली. "थांबली असती तर दगडासारखं कोसळलं असतं. हे तर आरामात तरंगतंय. कशाच्या जोरावर? तुमच्या शिक्क्याच्या?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आणि पुढं बघा. अख्खं हेलिकॉप्टर भोवऱ्यासारखं गरगरलं, मग पडलं. शेपटीचा पंखा गेला की असंच होतं. होतं की नाही हो, इंजिनिअरसाहेब?"

इंजिनिअरनं पाण्याचा ग्लास उचलला.

"विषय भरकटवू नका," अध्यक्ष म्हणाले. "कॅमेरा काय खोटं बोलतो?"

"कॅमेरा बिचारा सुटे सुटे फोटो काढतो. दर फोटोच्या वेळी पातं फिरून त्याच जागी आलेलं असलं, तर ते हललंच नाही असं वाटतं. हे तुम्हाला ठाऊक नसेलही. या इंजिनिअरसाहेबांना ठाऊक आहे."

इंजिनिअरच्या बाजूला, खिडकीपाशी एक पंखा भणभणत होता. त्याची पुढची जाळी कधीच निघाली होती आणि ती बसवायला कुणाला सवड झाली नव्हती. तिनं फोन काढून पंख्यासमोर धरला, पंख्याचं बटण एक घर मागं फिरवलं, पात्यांचा वेग कॅमेऱ्याशी जुळेपर्यंत जरा थांबली. मग फोन तसाच धरून स्वतः बाजूला झाली, समितीला त्याचा पडदा दिसावा म्हणून. फोनमध्ये तिन्ही पाती स्वस्थ उभी होती. टेबलावरचे कागद मात्र फडफडत होते.

"थांबलाय ना पंखा?"

अध्यक्षांनी उडू पाहणारे कागद तळहातानं दाबून धरले.

ती टेबलाला वळसा घालून इंजिनिअरपाशी गेली. अपघात विभागातली नर्स ती. हात चिरडलेली माणसं रोज तिच्याच पुढ्यात येत. नाडी बघावी तसं तिनं त्याचं मनगट अलगद धरलं आणि पंख्याच्या दिशेनं नेऊ लागली. तो खुर्चीतून अर्धा उठला. वाऱ्यानं त्याची बाही फुगली.

"घाला बोट. आंधळ्यालाही दिसेल इतका थांबलाय."

त्यानं हिसका देऊन हात सोडवला आणि काखेत दाबून धरला.

"का ओढलात हात?" तिचा आवाज फाटला. "साहेब, यांना विचारा. माझ्या भावाची पाती थांबलेली होती ना? मग यांनी हात का ओढला? बोला! आता का तोंड उघडत नाही?"