वाळू की भुसा

"कापूस नको," कारागीर म्हणाला. "ओल धरतो, मग आत गोळे होतात. भुसा घ्या, नाहीतर वाळू."

सुनेने पर्समधला रुमाल काढला, ठेवला, पुन्हा काढला. समोर टेबलावर सासऱ्यांचं कासव होतं. मान अर्धी बाहेर, डोळे उघडे. भिंतीवरचे पेंढा भरलेले पक्षीसुद्धा आपल्याकडेच बघताहेत असं तिला वाटत होतं.

डोळ्यांच्या ऑपरेशनला जाताना सासऱ्यांनी तिला एकच काम सांगितलं होतं. कासवाच्या पेटीतला दिवा चालू ठेव. "थंडीत ते खात नाही, हलत नाही. तू हात लावू नकोस." हात कोण लावतंय! पाल दिसली की स्टुलावर चढणारी ही बाई. पण एवढंसं कामही धड झालं नाही. बल्ब कधी उडाला ते तिला कळलंच नाही, आणि थंडी तर हाडांत शिरणारी. आज सकाळी मन घट्ट करून तिने कासव उचललं, तर लाकडासारखं कडक. तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

"संध्याकाळी बाबा घरी येताहेत," ती म्हणाली. "डोळ्यांवर पट्ट्या आहेत, दिसणार नाही. पण आल्या आल्या ते याला मांडीवर घेणार. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या ना, तेव्हा हे शेवटपर्यंत त्यांच्या पोटावर असायचं. त्यांच्यामागे बाबांचा सगळा जीव यातच. आणि डॉक्टरांनी बजावलंय, टाके ओले आहेत, डोळ्यांत पाणी येता कामा नये. पट्ट्या सुटल्या की मीच सांगेन सगळं."

"म्हणजे तोवर हाताला कळायला नको."

"वजनावरून कळेल हो. आत्ताच किती हलकं लागतंय! मेल्यावर वजन उतरतं का?"

"सुकतं," कारागीर म्हणाला. त्याने कासव उलटं केलं आणि जरा जास्तच वेळ बघत राहिला.

"डोळे काचेचे बसवतात म्हणे. बदलावे लागतील?"

"आहेत तेच राहू देत. चांगले आहेत."

त्याने दोन पिशव्या पुढे सरकवल्या. तिने डोळे मिटून दोन्ही तळहातांवर तोलून पाहिल्या. आधी भुसा म्हणाली, मग वाळू, मग अर्धं अर्धं.

"वाळू हलली की वाजेल का?"

"दाबून भरली तर नाही वाजायची. पण भुसाही वाईट नाही. धरायला बरा पडतो."

"नको, वाळूच. जिवंत कासव जडच असतं."

कारागिराने भुशाची पिशवी बाजूला ठेवली. "बसा," म्हणाला, "दुपारपर्यंत देतो."

तिला हायसं वाटलं. दुसऱ्या एकाने फोनवर महिना सांगितला होता, कातडं वाळायलाच तेवढे दिवस लागतात म्हणे. हा माणूस देवासारखा भेटला. महिन्याचं काम दुपारपर्यंत कसं होतं, हे विचारायचं भान तिला कुठलं? ती दारापर्यंत जायची, घड्याळ बघायची, परत येऊन बसायची.

संध्याकाळी नवऱ्याने बाबांना हात धरून खुर्चीत बसवलं आणि तो औषधं आणायला गेला.

"आण गं त्याला," बाबा म्हणाले.

तिने कासव त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाबांचा हात पाठीवरून फिरला, मानेवर आला, आणि थांबला. त्यांनी कासव जरासं उचललं.

"जड झालंय."

"थंडी आहे ना, बाबा," ती म्हणाली. आपण काय बोलतोय हे तिचं तिलाही कळेना.

बाबांची बोटं मागच्या पायाजवळ गेली आणि तिथल्या टाक्यांवरून सावकाश फिरली. ती त्यांच्या पट्ट्यांकडे बघत उभी राहिली. एकच मागणं होतं तिचं, त्या ओल्या होऊ नयेत.

"वाळू भरून आणलीस होय?" बाबा हळूच म्हणाले. "मी भुसा भरून घेतला होता. तुझ्या सासूच्या हातांना तेवढंच पेलायचं."